तळ ओला

पद्मजा मगदूम कॅसेट घेऊन आल्या
रुमालात गुंडाळून, सांडेल काही अशी सरळ धरून.
"श्रेणिकची आहे. शहाऐंशी सालची.
गाणी नाहीत यात. लावली की किंचाळते."
पिशवीत त्याचं यंत्रही होतं,
टीव्हीला जोडायचं, रबरी बटणांचं,
पुस्तकाएवढं.

विश्रामबागेत माझं दुकान, शंभर फुटी रस्त्याला.
आम्ही मोबाइलच्या काचा बदलतो.
पण माळ्यावर वडिलांचा टेपरेकॉर्डर होता
आणि हाताला त्यांची सवय:
हेडचा तो बारीक स्क्रू
पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे,
किंचाळणं स्वच्छ होईस्तोवर.

लगेच लावली नाही.
एकदा पूर्ण पुढे नेली, एकदा पूर्ण मागे.
त्या म्हणाल्या, हरिपूरला पेव उघडलं तरी असंच,
लगेच उतरायचं नाही,
आतली हवा जाऊ द्यायची, मग दोरीनं दिवा सोडायचा.
दिवा विझला तर माणूस वर थांबायचा.

माझा दिवा तीनदा विझला.
चौथ्यांदा पडद्याच्या कडेला निळ्यापिवळ्या रेघा धावल्या
आणि आत काहीतरी उतरलं.

आता ते बाहेर काढायचं कसं?
रबरी बटणांची भाषा माझ्या लॅपटॉपला कळेना,
मधल्या चाळीस वर्षांत यंत्रांचं पेव फुटलेलं,
प्रत्येकाचं तोंड वेगळं.
मिरजेच्या रियाज शिकलगारांकडे तेव्हा दुसरंच मशीन होतं,
मोठ्या फ्लॉपीचं. ही दोन पोरं
सतारीच्या कारखान्यात बसून, डाख देऊन, केबल करायची.
रियाजभाईंना फोन लावला. दम लागतो आता त्यांना,
पण पिना पाठ:
"दोनची तार तीनला. तीनची दोनला.
सरळ जोडलीस तर दोघं बोलत बसतील,
ऐकणार कोण?"
दुसऱ्या दिवशी केबलच आली
सिटी बसच्या कंडक्टरच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळून.

फाइल आली ती एका ओळीत.
ओळ कुठे संपते याची त्या यंत्राची खूण वेगळी,
माझ्याची वेगळी,
म्हणून त्रेचाळीस पेवं एकमेकांत घुसलेली:
खोली, पोती, मालक, उघडल्याची तारीख,
सगळी एका दमात.
मी बसून एकेक वेगळं केलं.
त्यातली बहुतेक दोन हजार पाचच्या पाण्यात बसली,
त्या सांगत होत्या. हे आमचं. हे चौगुल्यांचं.
इथे आता बेकरी आहे.

तेव्हा मराठी कुठली असायला? सगळं रोमनमध्ये.
मी देवनागरीत वळवलं
आणि हळदीची झाली हलद.
सगळीकडे. पोत्यापोत्याला हलद.
इंग्रजीला एकच एल,
त्यात ल कुठला आणि ळ कुठला, यंत्र काय सांगणार?
एकतीस नंबरला लिहिलं होतं: ताल ओला.
"तळ," त्या म्हणाल्या. "तळ ओला.
तो एकटाच उतरून बघून आला होता."

मग आम्ही दोघं ळ लावत बसलो.
मूळ. काळा. सकाळी. जळगावचा व्यापारी.
चहा गार झाला, दोन गिऱ्हाइकं परत गेली.

शेवटी, त्रेचाळीसच्याही खाली,
हिशेबात न बसणारी एक ओळ:
पद्मा कालजी नको.

माझं बोट बटणावर गेलंच होतं.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
"सहा वर्षांचा होईपर्यंत ळ यायचा नाही त्याला.
असंच म्हणायचा."

पेनड्राइव्हवर दिली, फोनवर पाठवली,
आणि कागदावरही काढली, कारण कागदाला केबल लागत नाही.
पैसे विचारले तेव्हा टेपचा पट्टा तेवढा धरला.
कॅसेट त्यांनी रुमालात ठेवली
पुन्हा तशीच, सरळ.

केबल अजून माझ्याकडे आहे.
मिरजेला परत द्यायची आहे.